जुन्या मोटारींचा महिना आणि सोलापूरचे वालचंद

तर मंडळी, जेऊरात बसून जुन्या मोटारींच्या छंदावर काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण या छंदातली घरोघरच्या ओळखीची गाडी, पद्मिनी, ही सोलापुरात जन्मलेल्या माणसाच्या कंपनीची. वालचंद हिराचंद 1882 चे. बार्शी लाइट रेल्वेचे ठेके घेत वर आले. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. 1953 मध्ये ते गेले. फियाट 1100 कुर्ल्यात आली ती त्यानंतर; 1974 मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं.

जानेवारी हा छंदवाल्यांचा धावपळीचा महिना. हवा थंड, इंजिन लवकर तापत नाही. एका रविवारी रॅली, दुसऱ्या रविवारी प्रदर्शन, मधले दिवस गॅरेजात. हे एकट्याचं काम नव्हेच. एकाला कार्बोरेटर कळतो, दुसऱ्याला वायरिंग, तिसरा जुन्या बाजारातून काच शोधून आणतो. चौथा नुसता चहा सांगतो, पण तोही लागतो!

खरी अडचण वयाची. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळते ती 50 वर्षं उलटल्यावर. म्हणजे 1990 च्या पद्मिनीला 2040 उजाडणार. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी तर 20 वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 मध्येच रस्त्यावरून गेल्या. मधली वर्षं गाडी काढते ती कुणाच्या तरी शेडात, ताडपत्रीखाली, आणि अधूनमधून मित्र जमून ती चालू करून बघतात.