देणाऱ्याचे नाव, घडवणाऱ्याचे नाव

पारंपरिक वस्तूंना सध्या बरे दिवस आले आहेत. स्वयंपाकघरातून हद्दपार झालेला पितळी हंडा शहरातल्या दिवाणखान्यात फुलदाणी होऊन बसतो. आजीच्या पेटीत तळाशी पडलेली कोशाची साडी नात समारंभात अभिमानाने नेसते. मंडईतले रात्रभराचे नाटक अभ्यासकांच्या परिसंवादाचा विषय होते. ही लाट आपल्याकडेच आली आहे असेही नाही. चीनमधील तरुणांत देशी वेष आणि जुन्या नक्षीची जी आवड पसरली, तिला तेथे ‘ग्वोछाओ’ असे स्वतंत्र नावही मिळाले आहे. जुने ते नव्याने हवेसे वाटणे यात वाईट काही नाही. गिऱ्हाईक नसेल तर कारागिरी टिकत नाही, हे कोणताही तांबट किंवा कोष्टी आपल्याला सांगेल. प्रश्न आहे तो त्यापुढचा. वस्तूला मान मिळतो तेव्हा त्या मानावर नाव कोणाचे लागते?

हा प्रश्न मनात ठेवून भंडारा जिल्हा एका दिवसात वाचता येतो. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की सकाळ पवनीला, दुपार भंडाऱ्याच्या बाजारात, संध्याकाळ मोहाडीकडे आंधळगावात आणि रात्र एखाद्या गावच्या मांडवात, असा क्रम आम्ही इथली माणसे सहज लावू शकतो. अंतरे फार नाहीत. मात्र या एका दिवसात आपण दोन हजारांहून अधिक वर्षे ओलांडतो, याचे भान फारच थोड्यांना असते.

पवनी वैनगंगेच्या काठी आहे. एका बाजूला नदी आणि उरलेल्या बाजूंना तट व खंदक अशी या जुन्या नगरीची रचना. देवळांच्या आणि घाटांच्या संख्येमुळे तिला विदर्भाची काशी म्हणण्याचा प्रघात आहे. पण या काशीच्या खाली एक वेगळीच नगरी निजलेली होती. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले, आणि जगन्नाथ टेकडी म्हणून लोक जिला ओळखत होते ती टेकडी म्हणजे एक प्राचीन बौद्ध स्तूप असल्याचे स्पष्ट झाले. स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्याच्या खांबांवर शिल्पे होती आणि ब्राह्मी अक्षरांत लहान लहान लेख होते. एका शिल्पाखाली मुचलिंद नागाचे नाव कोरलेले आहे. बुद्धावर पावसात फणा धरणारा तो हा नाग. चित्राखाली त्याचे नाव लिहिण्याची ही पद्धत भारहूतच्या स्तूपावरूनही आपल्याला परिचित आहे.

परंतु आम्हांला अधिक मोलाचे वाटतात ते दानलेख. अमक्याने किंवा अमकीने हे दान दिले, एवढेच ते सांगतात. राजा नाही, युद्ध नाही, प्रशस्ती नाही. एखादा खांब, एखादी आडवी शिळा, एवढा वाटा उचलणाऱ्या माणसांनी आपले नाव मागे ठेवले आणि ते टिकले. इतिहासात सामान्य माणसाला शिरकाव मिळण्याची ही एक वाट. तथापि या लेखांत एक मोठी उणीव आहे, आणि ती केवळ पवनीची नव्हे. देणारा कळतो, छिन्नी चालवणारा कळत नाही. ज्याच्या हाताने देणाऱ्याचे नाव कोरले, त्याचे स्वतःचे नाव त्या दगडावर आलेले नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीवकाम केल्याची नोंद आहे. कलेचे इतिहासकार तिचा वारंवार उल्लेख करतात, कारण अशा नोंदी फार विरळ आहेत.

पवनीहून उत्तरेकडे येताना हाच प्रश्न सोबत येतो. भंडारा हे नाव जुने आहे. रतनपूरचा कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या 1114 सालच्या शिलालेखात त्याला कर देणाऱ्या मंडलांची यादी आहे, आणि तीत लांजिका व वैरागर यांच्या जोडीने ‘भाणारा’ येते. या नावाचा संबंध लोकांनी ‘भाणे’ या शब्दाशी जोडला. जुन्या मराठीत भाणे म्हणजे जेवणाचे पात्र. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या गावाला ही व्युत्पत्ती आवडावी हे साहजिक आहे. ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर उतरो वा न उतरो, गावाने आपली ओळख आपल्या धंद्यात शोधली, एवढे तिच्यावरून निश्चित कळते.

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला या गावाचे नाव आणखी एका ठिकाणी भेटते. ‘लीळाचरित्रा’च्या एकांकात चक्रधरस्वामींच्या सहवासात येणारा नीळभट्ट भांडारेकार हा इथला. माणसाच्या नावात गाव गोवले गेले आणि गद्यग्रंथातून आजवर पोचले. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा ग्रंथ सिद्ध करताना जी पद्धत अवलंबिली, ती आमच्या विषयाच्या दृष्टीने मननीय आहे. ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या. पुढे पंथात एकाच लीळेचे निरनिराळे पाठ ज्याच्या त्याच्या नावाने जपले गेले. आठवण सांगणाऱ्याचे नाव आठवणीइतकेच महत्त्वाचे, ही जाणीव मराठी गद्याच्या आरंभीच आहे. ती आपण वस्तूंच्या बाबतीत मात्र कधी लागू केली नाही.

भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांडे उचलून पाहावे. जुने असेल तर त्याच्या काठावर किंवा पोटावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे उठवलेली असतात. वधूवरांची नावे, लग्नाची तारीख, आणि शेवटी ‘यांजकडून सप्रेम भेट’. गुंड असो, परात असो वा तांब्या, नाव घातल्याशिवाय भेट पुरी होत नसे. पवनीच्या कठड्यावरील दानलेख आणि हंड्यावरील हे अक्षरलेखन यांत दोन हजार वर्षांचे अंतर असले तरी त्यांची रीत एकच आहे: दात्याचे नाव, प्रसंग, सद्भाव. आणि उणीवही तीच आहे. पत्रा ठोकून ज्याने घाट दिला त्या तांबटाचे नाव भांड्यावर नाही. कल्हई लावणाऱ्याचे तर नाहीच नाही. त्या कारागिराची सही असलीच तर ती ठोक्यांच्या ओळींत असते, आणि ती वाचणारे डोळे आता दुर्मीळ झाले आहेत. ॲल्युमिनियम आणि पोलादाच्या भांड्यांनी पितळेला स्वयंपाकघरातून हुसकले, तेव्हा ही लिपी जाणणारे गिऱ्हाईकही गेले.

कारागिराच्या या अनामिकतेला एक तात्त्विक समर्थन दिले जाते, त्याचा येथे विचार करणे अगत्याचे आहे. जपानमध्ये यानागी सोएत्सु याने 1920 च्या दशकात ‘मिंगेई’ म्हणजे लोककारागिरी ही संकल्पना मांडली. 1936 मध्ये त्याने तोक्यो येथे लोककारागिरीचे संग्रहालय उभारले. रोजच्या वापराच्या, पुष्कळ संख्येने घडणाऱ्या आणि निनावी कारागिराच्या हातून उतरणाऱ्या वस्तूंत खरे सौंदर्य असते, असे त्याचे प्रतिपादन होते. कर्त्याचा अहंकार गळून पडला की वस्तू शुद्ध होते, हा त्यामागचा बौद्ध भाव. आमच्याकडे आनंद कुमारस्वामींनी 1909 च्या आपल्या पुस्तकात भारतीय कारागिराचे जे चित्र रंगवले, त्यातही परंपरेत विरघळून गेलेल्या कर्त्याविषयीचा आदर आहे.

हे विचार उदात्त आहेत. पण भंडाऱ्याच्या हंड्यापुढे ते अपुरे पडतात. वस्तूवर कोणाचेच नाव नसते, तर अनामिकतेला अहंकाराचा त्याग म्हणता आले असते. येथे तर नाव आहे, तारीखही आहे. कोरण्याची कला आहे आणि कोरण्याइतकी जागाही आहे. त्या जागेवर एकाचे नाव येते आणि दुसऱ्याचे येत नाही. याला त्याग म्हणावे, की सामाजिक उतरंड? जाती आणि धंदा यांची गाठ पक्की असलेल्या समाजात कारागिराचे वेगळे नाव घेण्याची कोणाला गरज भासली नाही. त्याची जात हेच त्याचे नाव ठरले: तांबट, कोष्टी, ढीवर.

आंधळगावच्या मागापाशी हे अधिकच जाणवते. टसर रेशमाचा किडा ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढतो. या झाडांच्या रानात कोश पिकवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ढीवर समाजाने केले, आणि सूत मागावर चढवण्याचे काम कोष्ट्यांनी. कोशाचा मूळ रंग मधासारखा. त्यावर गडद काठ. या काठाच्या कडेला करवतीच्या दात्यांसारखी जी नक्षी उतरते, तिच्यावरून साडीला करवती किंवा करवतकाठी हे नाव पडले. काठ आणि अंग यांचे रंग वेगळे ठेवायचे तर एका धोट्यावर भागत नाही. दोन काठांना दोन आणि अंगाला एक असे तीन धोटे चालतात, आणि दर फेरीला काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकवावा लागतो. दुसऱ्या माणसाचा हात लागतो. तो बहुधा घरातल्याच कोणाचा असतो. साडी ‘अमक्याने विणली’ असे जरी म्हटले तरी ते वाक्य अपुरेच राहणार.

विदर्भाच्या या करवती साड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. 1999 चा यासंबंधीचा कायदा सप्टेंबर 2003 पासून अंमलात आला, आणि त्यामुळे गावाच्या व प्रदेशाच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळू लागले. ही मोठीच गोष्ट आहे. यंत्रमागावरील नक्कल करवतीच्या नावाने विकली जाऊ नये, एवढे बळ तिच्यात आहे. परंतु मानांकन प्रदेशाला नाव देते. विणकराला त्याचा लाभ हवा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून त्याची स्वतंत्र नोंदणी व्हावी लागते. शहरातल्या दुकानात साडीला लटकणाऱ्या चिठ्ठीवर प्रदेशाचे नाव येते, विक्रेत्याचे येते, किंमत तर येतेच. पवनीच्या कठड्यापासून आपण किती पुढे आलो, हे ती चिठ्ठी वाचून ज्याने त्याने ठरवावे.

रात्री मात्र चित्र पालटते. मंडईच्या गावात झाडीपट्टीच्या नाटकाचे फलक लागलेले असतात, आणि त्यांवर नावेच नावे असतात. लेखक, दिग्दर्शक, नायक, खलनायक, विनोदी नट, गायिका, पेटी, तबला. दंडार आणि खडी गंमत यांच्या मुशीतून आलेली ही रंगभूमी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीपर्यंत गाजते. देसाईगंज, म्हणजे लोकांचे वडसा, हे तिचे मुख्य ठाणे. प्रेक्षक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक असा जो जोडधंदा होता, त्याला 7 मे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खीळ बसली. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला शर्यतींची परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केले. मधल्या काळात कोरोनाची साथही येऊन गेली. एवढे सोसून ही रंगभूमी उभी राहिली. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीतल्या एका कलावंताचे नाव देशाने घेतले.

नाटकाने जे साधले ते मागाला का साधले नाही? उत्तर वाङ्मयाच्या परंपरेत आहे असे आम्हांला वाटते. अभंगाच्या शेवटी संत आपले नाव गोवतो, लावणी-पोवाड्याच्या शेवटी शाहीर गोवतो. ही नाममुद्रा म्हणजे कर्त्याची जागा. शब्दाच्या कलेने ती आरंभापासून राखून ठेवली. तीही सर्वांसाठी नव्हे. जात्यावर बसलेल्या बाईच्या ओवीत भाऊ येतो, बाप येतो, लेक येते. बहुधा तिचे स्वतःचे नाव येत नाही. तेव्हा शब्द की वस्तू एवढ्यावरच हे ठरत नाही. नाव लावण्याचा अधिकार कोणाला होता, हे पाहावे लागते.

येथे साहित्याच्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना काही करता येण्यासारखे आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास उभा केला, तेव्हा ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणणारी ही बोली अशुद्ध नसून तिला तिचे स्वतःचे नियम आहेत, हे मान्य झाले. तसेच काम ठोक्यांच्या लिपीचे आणि धोट्यांच्या भाषेचे राहिले आहे. आपल्या महाविद्यालयांतील मुलामुलींनी घरच्या भांड्यांवरील लेख उतरवून घ्यावेत, आणि त्या प्रत्येक लेखाखाली ते भांडे कोणत्या गावच्या कोणत्या तांबटाने घडवले याची घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून नोंद करावी. साडीबाबत विणणाऱ्याचे, आणि मागाच्या दुसऱ्या बाजूने धोटा परतवणारीचेही नाव विचारावे. पुष्कळ ठिकाणी ते कोणालाच आठवणार नाही. तीही नोंद करावी. आठवण सांगणारी माणसे अजून आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे.