पाच संगणकांमधला निरोप्या

पाटोदा गावात रेल्वे स्टेशन नाही. बालाघाटाच्या पठारावरच्या या गावाच्या पूर्वेला परळी, पश्चिमेला नगर (आताचे अहिल्यानगर). परळी दक्षिण मध्य रेल्वेत, तर नगर मध्य रेल्वेत. एकीचे मुख्यालय सिकंदराबाद, दुसरीचे मुंबई. रेल्वेचे आरक्षण संगणकावर आले, तेव्हा ही वाटणी यंत्रांतही उतरली.

१९८५ साली नवी दिल्लीत ‘इम्प्रेस’ ही आरक्षणप्रणाली सुरू झाली. सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीने ती तयार केली होती. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही अशीच केंद्रे झाली. प्रत्येक केंद्राजवळ आपापल्या गाड्यांच्या बर्थांची नोंद असे. एकाच्या वहीत दुसऱ्याला थेट लिहिता येत नसे.

मग पाचही संगणक तारेने जोडले की झाले, असे कोणीही म्हणेल. पण खरी अडचण तिथूनच सुरू होते. समजा, मुंबईच्या खिडकीवरून सिकंदराबादच्या संगणकाकडे बर्थ मागितला आणि उत्तर येण्यापूर्वी लाइन तुटली. बर्थ राखून झाला की मागणीच पोचली नाही? खिडकीवरच्या कारकुनाला कळायला मार्ग नाही. पुन्हा मागावे, तर एकाच प्रवाशाच्या नावे दोन बर्थ अडकतील. न मागावे, तर रांगेत ताटकळलेला माणूस रिकाम्या हाताने परतेल. त्या काळच्या टेलिफोन लाइनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे उदाहरण काल्पनिक वाटणार नाही.

रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ ही नवी प्रणाली लिहिली, तेव्हा हे काम ‘रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर’ या मधल्या सॉफ्टवेअरकडे सोपवले. अशा सॉफ्टवेअरला मिडलवेअर म्हणतात. त्याची युक्ती शाळेच्या कचेरीत रोज दिसते. प्रत्येक पत्राला जावक क्रमांक असतो. त्याच क्रमांकाचे पत्र दुसऱ्यांदा आले, तर कारकून त्यावर पुन्हा कार्यवाही करत नाही. इथेही प्रत्येक मागणीला स्वतंत्र ओळख मिळते व तिची नोंद ठेवली जाते. लाइन तुटली, तर तीच मागणी पुन्हा पाठवता येते. काम मात्र एकदाच होते. व्यवहारात दोन यंत्रे गुंतली असतील, तर दोन्हींनी होकार दिल्यावरच तो पक्का होतो. एकाने नकार दिला की सगळाच रद्द.

‘कॉन्सर्ट’ सप्टेंबर १९९४ मध्ये प्रथम सिकंदराबादला बसवली गेली. एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे तिने जोडली गेली. एवढी वर्षे लागली याचे आम्हांला नवल वाटत नाही. चालू खिडक्या बंद न करता यंत्रे बदलायची होती.

२००२ पासून इंटरनेटवरून तिकिटे मिळू लागली. आज पाटोद्यातला विद्यार्थी मोबाइलवर देशातल्या कोणत्याही गाडीचा बर्थ घेतो. कधी मात्र खात्यातून पैसे जातात आणि तिकीट येत नाही. बँकेचा संगणक रेल्वेच्या त्या ‘दोघांचा होकार’ मिळवणाऱ्या व्यवस्थेबाहेर असतो. त्यामुळे दोन्हीकडचा हिशोब नंतर जुळवावा लागतो आणि पैसे काही दिवसांनी परत येतात.