वजनकाट्याला न दिसणारे

दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील अनेक गावे रिकामी होऊ लागतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो, आणि असे हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. पहाटेपासून ऊस तोडणाऱ्या आणि मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवणाऱ्या बाईला कोणी व्यायामाचे महत्त्व सांगू लागले, तर ती हसेल. तिचे हसणे योग्यच आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

तिची मुलगी मात्र आता बीडला किंवा अंबाजोगाईला राहून शिकते. सकाळी तास, दुपारी शिकवणी, संध्याकाळी अभ्यास किंवा मोबाईल. मैदान तेराव्या-चौदाव्या वर्षीच सुटलेले. अंगकाठी बारीक, वजन जेमतेम ४२ किलो. शारीरिक शिक्षणाच्या तासाला अशी मुलगी झाडाखाली बसून राहिली, तर शिक्षकही फारसे बोलत नाहीत. व्यायाम जाड माणसांनी करावा, हिला त्याची काय गरज, असे सर्वांनाच वाटते.

वजन आणि चरबी ही एकच गोष्ट नव्हे, हे विज्ञानाच्या पदरात पडायला बराच काळ जावा लागला. १९४२ साली अमेरिकन नौदलातील डॉक्टर आल्बर्ट बेंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ व्यावसायिक फुटबॉल खेळाडूंची तपासणी केली. उंची-वजनाच्या सरकारी कोष्टकानुसार त्यांतील १७ जण अतिवजनामुळे सैन्यभरतीला अपात्र ठरत होते! बेंके यांनी त्यांचे वजन हवेत केले, तसेच पाण्याखालीही केले. युक्ती आर्किमिडीजचीच, फक्त मुकुटाच्या जागी माणूस. चरबीची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम, तर स्नायू, हाडे, पाणी मिळून उरलेल्या शरीराची सुमारे १.१. म्हणून चरबी जितकी जास्त, तितकी एकूण घनता कमी. या खेळाडूंची घनता चांगलीच जास्त निघाली. त्यांचे वजन चरबीचे नव्हते, स्नायूंचे होते.

पुढे विल्यम सिरी यांनी यासाठी एक सोपे सूत्र दिले. ४९५ ला शरीराच्या घनतेने भागावे आणि उत्तरातून ४५० वजा करावे. चरबीची टक्केवारी मिळते. घनता १.०५ असेल तर २१.४ टक्के, १.०३ असेल तर ३०.६ टक्के. घनतेतील फरक दोन शतांशांचा, चरबीतील नऊ टक्क्यांचा. नववीच्या वर्गात घनता शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

बेंके यांना वजनदार पण चरबी कमी असलेली माणसे सापडली. याच्या नेमके उलट चित्र दिसले ते आपल्या पुण्याजवळ. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतील तरुण स्त्रियांचा त्यांच्या गरोदरपणात व नंतरही अभ्यास केला. या स्त्रियांचे सरासरी वजन होते सुमारे ४२ किलो, म्हणजे वर सांगितलेल्या मुलीइतकेच. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. पुण्याची बाळे सर्वच बाबतींत लहान असतील, अशी अपेक्षा असणार. पण स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान असूनही पाठीवरच्या कातडीखालील चरबी त्या मानाने टिकून होती. बाळ बारीक, पण चरबीदार. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच उदाहरणे मांडली. उंची-वजनावरून काढलेला बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

याचा त्या झाडाखालच्या मुलीशी काय संबंध? जेवणानंतर रक्तात आलेली साखर शोषून घेणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. ते लहान आणि वापरात नसलेले असतील, तर वजन ४२ किलो असले तरी इन्शुलिनवरचा ताण वाढतो, आणि गरोदरपणात तो आणखी वाढतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीड जिल्ह्यात दर शंभर तरुणींपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेले होते. म्हणजे गरोदरपण फार दूर नसते.

स्नायू वाढायचे तर त्यांच्यावर भार पडायला हवा. हा भार विकत आणावा लागत नाही, हे महाराष्ट्रात ठामपणे सांगितले औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी. आधी त्यांनीही युजीन सँडोची उपकरणे वापरून पाहिली होती. नंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि संस्थानातील शाळांमध्ये मुलांबरोबर मुलींनाही नमस्कार घालायला लावले. १९३८ साली त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. नमस्कारात खांदे, पाठ, मांड्या सर्वांना आपल्याच शरीराचा भार उचलावा लागतो, आणि त्याला जागा लागते सतरंजीएवढी. ज्या काळी मुलींनी धावणेही अनेकांना खटकत असे, त्या काळातील हे पाऊल आम्हांला आजही धाडसाचे वाटते. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते.

दुसरा धागा इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाचा. १९५३ च्या सुमारास तेथील आर. ई. मॉर्गन आणि जी. टी. ॲडमसन यांच्यापुढची अडचण आपल्या शिक्षकांना अगदी ओळखीची वाटेल: विद्यार्थी फार, जागा थोडी, वेळ त्याहून थोडा. त्यांनी व्यायामशाळेत ठिकठिकाणी एकेक व्यायाम ठरवून दिला आणि मुलांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरवले. हेच सर्किट ट्रेनिंग. व्यायामप्रकार बहुतेक जुनेच होते. नवे होते ते गणित. प्रत्येकाने एकेक व्यायाम आपल्याला जास्तीत जास्त किती वेळा जमतो ते पाहायचे, त्याच्या निम्मी संख्या ही त्याची मात्रा, आणि तशा तीन फेऱ्या. शर्यत शेजाऱ्याशी नाही. आपल्याच कालच्या वेळेशी. सर्वांना सरसकट वीस जोर सांगणाऱ्या ड्रिलपेक्षा हे फार वेगळे होते, आणि कधीच व्यायाम न केलेल्या मुलीला टिकवून धरणारी गोष्ट हीच आहे असे आमचे मत आहे.

आता त्या आईच्या हसण्याविषयी. पुण्याच्या त्याच अभ्यासात असेही आढळले की, गरोदरपणात अधिक अंगमेहनत करणाऱ्या स्त्रियांची बाळे वजनाने आणखी कमी भरत. मात्रा ठरलेली नाही, विश्रांती नाही, पोटभर अन्न नाही, अशा श्रमाला व्यायाम म्हणता येत नाही. उसाच्या फडात मोळीचे वजन कोणी निम्मे करून देत नाही.

मुलींना काय सांगावे? आठवड्यातून तीन दिवस केलेल्या व्यायामाने आठ-दहा आठवड्यांत वजनकाटा बहुधा फारसा हलणार नाही. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागते म्हणून. स्नायूंची वाढ त्यामागून, सावकाश होते. थोडी चरबी जाते, थोडा स्नायू येतो, बेरीज जवळपास तीच राहते. म्हणून काट्याऐवजी कमरेची टेप आणि उठाबशांची संख्या यांची नोंद ठेवावी. आहारात डाळ, शेंगदाणे, अंडी यांची भर नसेल, तर स्नायू घडणार कशाचे? आणि एखादीला दोन उठाबशांतच धाप लागत असेल, तर तिला आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे.

वर्गाला पुरेल असे सर्किट असे: उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, पायरीवर चढउतार, उताणे झोपून कंबर उचलणे, जागच्या जागी धावणे. भिंतीवरचे जोर बारा जमले तर मात्रा सहा. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावे. बाराचे सोळा झाले तर मात्रा आठ. पायरीसाठी वेगळा लाकडी ठोकळा करून घेण्याची गरज नाही. व्हरांड्याची पायरी सहा-सात इंच उंच असते; सुरुवातीला तेवढी पुरते.