मेंढ्याची ग्रंथी आणि पाच मिनिटांचा रेणू

१/ पारनेर-संगमनेरच्या माळरानांवर दख्खनी मेंढ्यांचे कळप आजही हिंडतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठात याच जातीवर संशोधन चालते. मेंढराचे मोल आपण लोकर, मांस आणि शेतात कळप बसवल्यावर मिळणारे खत यांत मोजतो. विसाव्या शतकातील वैद्यकाला मात्र मेंढ्याच्या एका दुर्लक्षित ग्रंथीने मोठे कोडे सोडवून दिले. ही कथा नगरची नव्हे, युरोपातील आहे. पण मेंढरांच्या या मुलखाला ती ठाऊक असावी.

२/ १९३५ मध्ये स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी वीर्यातील एका प्रभावी पदार्थाला ‘प्रोस्टाग्लँडिन’ हे नाव दिले. तो प्रोस्टेट ग्रंथीतून येतो, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात तो मुख्यतः शुक्राशयातून येतो. समज चुकीचा ठरला, नाव मात्र टिकले.

३/ १९६४ मध्ये स्टॉकहोमला सुने बेर्गस्ट्रोम यांनी आणि नेदरलँड्समध्ये डेव्हिड व्हान डॉर्प यांनी, मेंढ्याच्या शुक्राशयाच्या लगद्यात ॲराकिडॉनिक आम्ल मिसळले. पेशींच्या आवरणात दडलेल्या या स्निग्ध आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन तयार झाले. उगम सापडला.

४/ ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होती. ती नेमके काय करते, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले, की ती प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखते. म्हणून ताप, वेदना आणि सूज उतरते.

५/ मग आम्ल आणि प्रोस्टाग्लँडिन यांच्या मधला दुवा कोणता? १९७३ मध्ये मॅट्स हामबेर्ग आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांनी त्याच ग्रंथीच्या अर्कातून तो वेगळा केला : प्रोस्टाग्लँडिन एच-२. शरीराच्या तापमानाला, पाण्यात, सुमारे पाच मिनिटांत तो निम्माच उरतो. तरीही रक्त गोठवणारा थ्रॉम्बोक्सेन आणि गोठणे रोखणारा प्रोस्टासायक्लिन, हे दोन्ही परस्परविरोधी पदार्थ त्याच्यापासूनच बनतात. दाहाच्या संशोधनात तो आजही महत्त्वाचा आहे.

६/ १९८२ चे नोबेल बेर्गस्ट्रोम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना मिळाले.

७/ इतिहास म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे शतकानुशतके उभा असलेला नगरचा भुईकोट येतो. पण पाहता पाहता विरून जाणाऱ्या रेणूलाही इतिहास असतो. घरातल्या साध्या गोळीचा अर्थ जगाला कळायला बहात्तर वर्षे लागली, आणि त्या वाटेवर एक मेंढा उभा होता.