त्सेरमाट–चेर्व्हिन्या रज्जुमार्ग

मॅटरहॉर्न (४,४७८ मी.) शिखराच्या स्विस बाजूचे त्सेरमाट आणि इटालियन बाजूचे ब्रुई-चेर्व्हिन्या ही शेजारची स्की-गावे जोडणारी पाळण्यांची साखळी. पूर्वी वरच्या हिमनदीवरून सरहद्द ओलांडायची, तर स्की यायलाच हवे. न येणाऱ्याला डोंगरांना मोठा वळसा पडे. १९७९ मध्ये त्सेरमाटच्या बाजूने क्लाइन मॅटरहॉर्न या शिखरावर (३,८८३ मी.) मोठा पाळणा पोहोचला, पण त्याच्या रांगा सरत नसत. २०१८ मध्ये शेजारीच तीन दोरांचा मार्ग आला. यात दोन जाड पोलादी दोर स्थिर असतात, डबा त्यांवर चाकांनी सरकतो आणि तिसरा दोर त्याला ओढतो. त्यामुळे वाऱ्यात डबा कमी हेलकावतो आणि खांबही थोडे लागतात. सरकत्या बर्फात खांब रोवणे सोपे नसतेच. एका डब्यात २८ जण, तासाला २,००० माणसे वर जातात. जुलै २०२३ मध्ये क्लाइन मॅटरहॉर्नपासून सरहद्दीवरच्या टेस्टा ग्रीजापर्यंतचा १.६ किमी. दुवा जोडला गेला. आता साध्या बुटांनिशीही इटलीत उतरता येते. पासपोर्ट मात्र खिशात असलेला बरा. स्कीवाल्यांना याचे फारसे अप्रूप नाही : ते पूर्वीसारखेच घसरत जातात, आणि वारा वाढून पाळणे थांबले, की पलीकडच्या देशात अडकतात.