फर्स्ट इयरचा फॉर्म आणि हैदराबादची गाडी

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे पंधरा-वीस दिवस एकच धावपळ असते. नेट कॅफेवर गर्दी, झेरॉक्सच्या दुकानात गर्दी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला चकरा. टीसी, मेमो, जातीचा दाखला, पासबुक, आधार. आणि या दिवसांत मला हमखास कुणीतरी विचारतं, "भाऊ, पोरीला इथंच टाकावं का? का उगं नावालाच कॉलेज आहे?"

हो-नाही सांगण्याआधी थोडा इतिहास सांगतो. कारण 'इथंच' हा शब्द आपल्या जिल्ह्याला लई उशिरा मिळालाय.

निजामाच्या राज्यात हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं १९१८ साली. शिक्षणाचं माध्यम उर्दू. देशी भाषेतून विद्यापीठाचं शिक्षण देणं ही त्या काळी मोठीच गोष्ट होती, ते मान्य केलं पाहिजे. पण परभणीच्या मराठी पोराला ती भाषाही परकी आणि गावही लांब. मनमाड-सिकंदराबाद मीटरगेजच्या गाडीनं हैदराबाद गाठायचं, तिथं खोली करायची, खानावळ लावायची. हे कुणाला परवडणार? ज्याच्या घरी जमीन किंवा सरकारी नोकरी, त्यालाच. अलीकडं औरंगाबादला इंटरमिजिएट कॉलेज होतं, पण पदवी घ्यायची तर हैदराबादच.

बरं, तिथं गेलेल्यांचंही सगळं सरळ नव्हतं. १९३८ साली औरंगाबादच्या याच कॉलेजातून वंदे मातरम् चळवळ सुरू झाली. वसतिगृहात ते गीत म्हणायला बंदी होती, पोरांनी ती मोडली. चळवळ हैदराबादला पोचली आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. त्यांच्यासाठी दार उघडलं नागपूर विद्यापीठानं. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच पोरांपैकी एक. म्हणजे कॉलेजात नाव टिकवायला सुद्धा राज्य सोडून जावं लागत होतं.

आता आपल्या मातीतली दोन माणसं बघा.

पहिले बी. रघुनाथ. भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १९१३, गाव सातोना. आज ते जालना जिल्ह्यात आहे, तेव्हा परभणीत होतं. हैदराबादला मॅट्रिक झाले आणि शिक्षण तिथंच थांबलं. घरची परिस्थिती नव्हती. निजामाच्या बांधकाम खात्यात कारकून झाले. दिवसा फायली आणि उरलेल्या वेळात कविता, कथा, कादंबऱ्या. १९५३ साली, वयाच्या चाळिशीत गेले. आज परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे आणि कॉलेजही आहे. ज्या माणसाला कॉलेजचं तोंड बघता आलं नाही, त्याच्या नावाच्या कॉलेजात आपली पोरं फॉर्म भरतात.

दुसरे नरहर कुरुंदकर. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचं घराणं. हिंगोली जिल्हा १९९९ साली वेगळा झाला, त्याआधी हा सगळा भाग परभणीचाच. जन्म १९३२. हेही हैदराबादला शिकायला गेले आणि इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाले. पण तोवर काळ बदलला होता. १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. १९५० साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं पीपल्स कॉलेज उभं राहिलं. कुरुंदकरांनी नांदेडला शाळेत शिकवता शिकवता बीए, एमए केलं. मग त्याच पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले, पुढं प्राचार्य. इंटर नापास पोरगा महाराष्ट्रातला मोठा विचारवंत झाला.

दोघांच्या जन्मात एकोणीस वर्षांचं अंतर. हुशारीत कोण कमी होतं? कुणीच नाही. एकाच्या वेळी जवळ काहीच नव्हतं. दुसऱ्याला पडल्यावर पुन्हा उभं राहायला जवळ जागा होती. छोट्या गावातल्या कॉलेजची किंमत माझ्या मते एवढ्या एका गोष्टीत आहे.

त्याच १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. खेड्यातल्या दलित पोराचा प्रश्न नुसत्या फीचा नसतो, राहायचं कुठं आणि खायचं काय, हाही असतो. म्हणून तिथं वसतिगृहाला वर्गाइतकंच महत्त्व होतं. १९५६ ला परभणीत कृषी महाविद्यालय आलं. २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. मग सेलू, जिंतूर, गंगाखेड अशी तालुक्याच्या गावी कॉलेजं निघत गेली. १९७२ ला, लोकांनी रस्त्यावर उतरल्यावर, परभणीला कृषी विद्यापीठ मिळालं. १९९४ ला नांदेडचं विद्यापीठ झालं. माझ्या पिढीचे फॉर्म त्याच विद्यापीठाच्या नावानं भरले गेले.

म्हणजे कॉलेज पावलापावलानं घराजवळ आलं. आधी हैदराबाद, मग औरंगाबाद-नांदेड, मग तालुका. आणि प्रत्येक टप्प्यावर नवीन माणसं आत आली. आधी वतनदाराचा पोरगा, मग शिक्षकाचा, मग शेतमजुराचा. सगळ्यात शेवटी पोरगी. अनेक घरांत पहिली पदवीधर बाई झाली ती एवढ्याचसाठी, की कॉलेज एसटीच्या पासाच्या अंतरावर होतं आणि ती संध्याकाळी घरी येऊ शकत होती.

आता मूळ प्रश्न. नावालाच कॉलेज आहे का?

काही ठिकाणी आहे, खोटं कशाला बोलू. फॉर्म भरला की थेट परीक्षेलाच उगवायचं, अशी पद्धत पडली आहे. पूर्णवेळ प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरच्या पोरांच्या जिवावर विभाग चालू. त्यात २०२४ पासून नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर, मायनर, क्रेडिट, चार वर्षांची पदवी. कागदावर पर्याय भरपूर, पण शिकवायला माणूस नसेल तर पर्याय कसला?

ज्यांच्याकडं पैसा आहे ते लातूर, पुणे, संभाजीनगरला पोरं पाठवतात. पाठवू द्या. पण ज्यांना जमत नाही, त्यांचं कॉलेज नुसतं नावाला उरलं तर काय झालं? हैदराबादची गाडी परत सुरू झाली. फक्त आता ती पुण्याला जाते.

म्हणून माझं उत्तर असं आहे. पोरीला इथं टाका, पण डोळे झाकून नका टाकू. एक दिवस काम सोडून स्वतः कॉलेजात जा. तिच्या विषयाला पूर्णवेळ शिकवणारं कोण आहे, विचारा. लायब्ररी उघडी असते का, पुस्तक घरी मिळतं का, बघा. प्रॅक्टिकल होतात का, ते मागच्या वर्षीच्या पोरांना विचारा. ॲडमिशन झाल्यावरही दिवाळीच्या आधी एक चक्कर मारा. पालक विचारायला येतात हे कळलं की तास होतात.

ही कॉलेजं आपल्या आज्या-पणज्यांना मिळाली नव्हती. मिळालेली आपण घालवायची का, एवढाच प्रश्न आहे.

तुमच्या घरातून सगळ्यात पहिल्यांदा कॉलेजात कोण गेलं? कोणत्या साली, कोणत्या गावी? लिहा. आपल्या जिल्ह्याचा हा इतिहास आपणच लिहून ठेवला पाहिजे.