नकलेचा रोग, नकलेचे औषध

घराला दार आले तेव्हाच कडी आली असली पाहिजे, आणि कडी आली तेव्हाच ती बाहेरून काढण्याची युक्तीही कोणाला तरी सुचली असली पाहिजे. कुलूप आणि चोर हे जुळे भाऊ आहेत. एकाची वाढ झाली की दुसरा मागे राहत नाही. दिवाळी आली म्हणजे आपण माळ्यापासून मोरीपर्यंत घर झाडतो, तांब्यापितळेची भांडी चिंच लावून लखलखीत करतो. परंतु ज्या यंत्रात आज घरचे हिशेब, मुलांची प्रमाणपत्रे आणि आपल्यातून निघून गेलेल्या माणसांची छायाचित्रे ठेवलेली असतात, त्या संगणकावरून नुसता फडका फिरवला की आपले समाधान होते. या यंत्राच्या राखणीलाही एक इतिहास आहे. तो पुरता सत्तर वर्षांचाही नाही. पण मनुष्यस्वभावाचे बहुतेक सारे नमुने त्यात सापडतात.

आरंभ अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात झाला. 1961 साली तेथे फर्नांडो कोर्बाटो यांनी एकाच मोठ्या संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था उभी केली. वाडा एक आणि बिऱ्हाडे अनेक, असा तो प्रकार होता. मग प्रत्येकाच्या खोलीला निराळे कुलूप हवे, म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द, म्हणजे पासवर्ड, देण्यात आला. हे सारे गुप्त शब्द एकाच यादीत, उघड्या अक्षरांत ठेवलेले होते! 1962 साली अ‍ॅलन शेर नावाच्या एका तरुण संशोधकाला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. त्याने काय करावे? ती यादी छापून देण्याचा हुकूम एका भोके पाडलेल्या कार्डावर यंत्राला दिला. यंत्राने तो इमानाने पाळला, आणि या गृहस्थाला दुसऱ्यांच्या नावावर काम करायला वाटेल तितके तास मिळाले. कुलूप जन्मून वर्ष-दीड वर्ष झाले नाही तोच ते उघडले गेले. उघडणारा दरोडेखोर नव्हता. वेळ अपुरा पडणारा एक अभ्यासू मुलगा होता. गुप्त शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ती वही यंत्राशेजारीच ठेवणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

पुढे संगणक विद्यापीठातून घरात आला आणि त्याबरोबर फ्लॉपी नावाची पातळ तबकडी आली. शेजारणीकडून विरजण आणावे तितक्या सहजपणे लोक एकमेकांकडून तबकड्या आणून त्यांच्या नकला करू लागले. 1986 साली लाहोरातील बासित आणि अमजद या अल्वी बंधूंनी ‘ब्रेन’ नावाचा एक छोटा कार्यक्रम लिहिला. आपण तयार केलेल्या वैद्यकीय प्रणालीची लोक फुकट नक्कल करतात, त्यांना अद्दल घडावी, एवढाच आपला हेतू होता असे या भावांचे म्हणणे. तबकडीच्या अगदी आरंभीच्या भागात हा कार्यक्रम दडून बसे आणि त्या यंत्रात घातलेल्या दुसऱ्या तबकडीवर स्वतःची नक्कल करी. गंमत अशी की त्यात भावांची नावे, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनीचे क्रमांकही लिहिलेले होते. आपली निर्मिती सातासमुद्रापलीकडे जाईल असे त्यांना वाटले नसावे. पण ती थेट अमेरिकेतल्या विद्यापीठांत पोहोचली. घरगुती संगणकांच्या ‘पीसी’ घराण्यातला हा पहिला व्हायरस मानला जातो. 2011 साली फिनलंडचे एक तज्ज्ञ मिक्को ह्युप्पोनेन हे तोच पत्ता शोधत लाहोरास गेले, तेव्हा दोघे भाऊ त्याच ठिकाणी व्यवसाय करीत असलेले त्यांना आढळले.

दोन वर्षांनी, 2 नोव्हेंबर 1988 रोजी, रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला कार्यक्रम तबकडीची वाट न पाहता तारांच्या जाळ्यातूनच धावत सुटला. त्या वेळी इंटरनेटवर जेमतेम साठ हजार यंत्रे होती. त्यांतली सहा हजार आजारी पडली असावीत असा अंदाज त्या काळी करण्यात आला. लोकांचे सोपे गुप्त शब्द अटकळीने ओळखणे ही त्याची एक युक्ती होती. कादंबरीकाराने रचले तर वाचक विश्वास ठेवणार नाहीत अशी गोष्ट पुढेच आहे. या मुलाचे वडील अमेरिकन सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रातले प्रमुख शास्त्रज्ञ होते, आणि गुप्त शब्द उघड्या अक्षरांत न ठेवता गूढ रूपात कसे साठवावेत, हे ठरवण्यात त्यांचाच मोठा हात होता. बापाने कुलूप घडवले आणि मुलाने लोकांच्या खिशातल्या किल्ल्या तपासल्या! कुलूप बापाचे भक्कमच होते; किल्ल्याच लोकांनी कच्च्या निवडल्या होत्या.

याच सुमारास आपल्या पुण्यात एक निराळी गोष्ट घडत होती. मॅट्रिकनंतर शिक्षण थांबलेले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याचे काम करीत. पुढे त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. धाकटा भाऊ संजय याला त्यांनी संगणकाचे शिक्षण घ्यायला लावले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसचा त्रास पुन्हा पुन्हा दिसू लागला, तेव्हा त्यावर औषध म्हणून संजयने स्वतः कार्यक्रम लिहिले. त्यातूनच ‘क्विक हील’ उभे राहिले, आणि 2016 साली त्या कंपनीचे भाग शेअरबाजारात आले. दुरुस्तीच्या टेबलावर नुसते बिघाड न मोजता ते पुन्हा पुन्हा का होतात, हे ज्याने पाहिले, त्याच्या हाती वैद्यकी आली.

4 मे 2000 रोजी तर प्रत्यक्ष प्रेमपत्रच जगाच्या दारात येऊन उभे राहिले. मनिलातल्या एका विद्यार्थ्याने सोडलेल्या या पत्राच्या मथळ्यावर प्रेमाची कबुली होती. सोबतच्या कागदाचे नाव दिसायला साध्या मजकुराचे होते; शेवटची खरी तीन अक्षरे विंडोज प्रणाली सहसा दाखवीतच नसे. पत्र उघडले की ते ओळखीच्या साऱ्यांना तसेच पत्र धाडी आणि घरातली छायाचित्रे पुसून त्या जागी स्वतःची नक्कल ठेवी. ते ओळखीच्या माणसाकडून येत असे, म्हणूनच लाखो लोकांनी ते उघडले. फिलिपाइन्समध्ये अशा कृत्याविरुद्ध तेव्हा कायदाच नव्हता, लिहिणारा सुटला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी 17 ऑक्टोबरपासून लागू झाला.

शेवटचा प्रसंग 12 मे 2017 चा. ‘वॉनाक्राय’ हा कार्यक्रम घरातले सारे कागद आपल्या कुलपात घाली आणि किल्लीसाठी तीनशे डॉलरची खंडणी मागे. दीडशेच्या आसपास देशांत तो पोहोचला. इंग्लंडच्या इस्पितळांत हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून चोर शिरला, ते बुजवण्याचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, 14 मार्चलाच दिले होते! ज्यांनी ते वेळेवर लावले, त्यांच्या यंत्रांत त्या भोकातून तो शिरला नाही. ज्यांनी कागदांची नक्कल वेगळी काढून ठेवली होती, त्यांनी यंत्र पुसून पुन्हा मांडामांड केली. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते, ते रडले.

या सगळ्या इतिहासात एक शब्द सतत पुढे येतो: नक्कल. रोग नकलेने पसरतो, आणि जपणूकही नकलेनेच होते. आपल्याला हे नवे नाही. ज्ञानेश्वरीच्या नकला करता करता तीत अपपाठ शिरले होते. शके 1506 मध्ये नाथांनी ती शुद्ध केली. एकच पोथी असती आणि ती बिघडली असती, तर ताडून पाहायला दुसरी कोठून आणणार? म्हणून घरच्या मोलाच्या गोष्टींच्या तीन प्रती असाव्यात: एक यंत्रात, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर. डिस्क काम झाले की यंत्रापासून सोडवून ठेवावी. नाहीतर चोर एकाच फेरीत दोन्ही नेतो.

राहता राहिले किरकोळ दुखणे. यंत्र अडले की लगेच कारागिराकडे धावू नये. आधी तार नीट बसली आहे का ते पाहावे, मग यंत्र एकदा पूर्ण बंद करून चालू करावे. स्मृतीत साचलेला पसारा त्याने आवरला जातो आणि निम्मी दुखणी तेथेच संपतात. पडद्यावर जो मजकूर येतो तो घाबरून न पुसता कागदावर उतरवून घ्यावा. दुखणे सुरू होण्याआधी आपण नवे काय बसवले, हे आठवावे. वैद्यही आधी काल काय खाल्ले हेच विचारतो. यंत्र मंदावले असेल तर साठा भरला आहे का आणि नको असलेले कार्यक्रम सुरुवातीलाच जागे होतात का, हे तपासावे. ठिगळे वेळच्या वेळी लावावीत. ज्या प्रणालीला ठिगळे मिळणे थांबले आहे, तिच्यावर पैशांचे व्यवहार करू नयेत. विंडोज 10 ची नेहमीची ठिगळे 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. प्रत्येक ठिकाणी निराळा आणि लांब गुप्त शब्द ठेवावा.

आणि सर्वांत मोठी गोष्ट: आज चोर बहुधा कुलूप फोडीत नाही, तो दार उघडायला सांगतो. ‘तुमच्या संगणकात बिघाड आहे, मी सांगतो ते उतरवून घ्या,’ असे म्हणणारा अनोळखी आवाज कितीही गोड असला तरी फोन खाली ठेवावा. ओटीपी तर कोणालाच सांगू नये. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे. वेळ दवडला नाही तर रक्कम वाटेत अडवता येण्याचा संभव असतो. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना हे सांगताना मात्र रागावू नये. जो रागावतो, त्याच्यापासूनच म्हातारी माणसे झालेली फसवणूक लपवतात, आणि चोराला हवा असतो तो तेवढाच अवधी.

लक्ष्मीपूजनाला वहीपूजन होते. चोपडीला हळदकुंकू लागते. यंदा त्या चोपडीशेजारी घरच्या कागदपत्रांची आणि छायाचित्रांची एक ताजी प्रतही ठेवावी. लक्ष्मी चंचल आहे खरी. पण आठवणी तिच्याहूनही चंचल असतात, आणि त्या एकदा गेल्या म्हणजे पुढच्या दिवाळीला परत येत नाहीत.